बोलावणं हळदीकुंकवाचं, बोलावणं डेमोचं

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस घरून विक्री करणाऱ्या आम्हा बायकांचे वर्षातले सगळ्यात धावपळीचे. वाणाच्या ऑर्डरी याच दिवसांत, सोसायट्यांमधली प्रदर्शनं याच दिवसांत, आणि नात्यातली, शेजारची, मैत्रिणींची हळदीकुंकवंही याच दिवसांत. मी डोंबिवलीत राहते. स्वयंपाकघरातले हवाबंद डबे आणि बाटल्या थेट विक्रीच्या पद्धतीने विकते. दुकान नाही, गाळा नाही. जी माणसं माझ्या गोतावळ्यात आहेत तीच बरीचशी माझी गिऱ्हाइकंही आहेत. त्यामुळे धंदा कधी आणि आपलेपणा कधी, हे रोज सकाळी ठरवावं लागतं. त्या दिवसांतला हा एक शनिवार.

सकाळी ५.४५

चहा सासूबाई टाकतात, पोळ्या मी करते. यांना शनिवारीही ऑफिस असतं, त्यामुळे डबा वेळेवर झालाच पाहिजे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत भिंतीवरचं कालनिर्णय बघून घेते. १९७३ पासून निघणाऱ्या या कॅलेंडरवर मराठी घरांत दुधाचा हिशेबही असतो आणि संकष्टीही. आमच्याकडे त्यावर दोन रंगांची शाई असते. हिरवी घरच्या आणि माणसांच्या कार्यक्रमांची, निळी विक्रीच्या कामाची. महिना सुरू होण्याआधी हिरवी शाई वापरून घ्यायची, म्हणजे बारसं, मुंज, भिशी, शाळेचं गॅदरिंग, डॉक्टर, हळदीकुंकू. उरलेल्या चौकोनांत निळी. उलट क्रमाने लिहिलं तर माणसांच्या वाट्याला फक्त उरलासुरला वेळ येतो, आणि तो त्यांना बरोबर कळतो.

आजच्या चौकोनात दोन्ही रंग आहेत. दुपारी दीडला मानपाडा रोडला डेमो, संध्याकाळी साडेसहाला मैत्रिणीकडे हळदीकुंकू.

सकाळी ८.३०

बी विंगमधल्या वहिनींच्या वाणाचे ५१ डबे आज द्यायचे आहेत. छोटे, गोल, वेलचीपूड किंवा हिंग मावेल एवढे. प्रत्येक डबा उघडून बघते. झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला की कुठे कंगोरा राहिलाय का ते लगेच हाताला लागतं. तसं एखादं निघालं तर बाजूला काढते, त्यासाठी दोन-चार डबे जास्तीचे मागवलेले असतातच. मग प्रत्येकात चिमूटभर हलवा टाकून झाकण लावते. वाण रिकामं देऊ नये, अशी सासूबाईंची शिस्त आहे.

वाणाची ऑर्डर मला सगळ्यात आवडते. ती डिसेंबरात ठरते, पैसे आधी येतात, माल वेळेत पोचतो. आणि ज्या दिवशी वहिनींकडे हळदीकुंकू असतं त्या दिवशी मी तिथे विक्रेती म्हणून नसतेच, इतर बायकांसारखी अत्तर लावून घेते. नव्याने या कामात येणाऱ्या मुलींना मी हेच सांगते: सणाची विक्री सणाच्या आधी उरकायची. सणाच्या दिवशी विकायला निघालं की माल राहतो आणि सणही जातो.

सकाळी १०.००

हा तास फोनचा आणि मेसेजचा. घराण्याच्या ग्रुपवर आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मी मालाचा एकही फोटो टाकत नाही. त्यासाठी वेगळी ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. ज्यांनी ‘पाठवत जा’ असं स्वतःहून सांगितलं, त्यांचीच नावं तिच्यात आहेत.

आज दोन आमंत्रणं धाडायची आहेत. पहिलं पुढच्या आठवड्यातल्या डेमोचं: ‘गुरुवारी दुपारी ३ ते ४.१५ माझ्याकडे डब्यांचा डेमो आहे. नवीन माल बघायला मिळेल, ऑर्डर देता येईल. घ्यायलाच हवं असं नाही. चहा-खाणं आहे.’ दुसरं माझ्या घरच्या हळदीकुंकवाचं: ‘बुधवारी संध्याकाळी ६ नंतर हळदीकुंकवाला यायचं हं. वाट बघते.’ दुसऱ्यात डब्याचा उल्लेखही नाही, आणि त्या संध्याकाळी दिवाणखान्यात कॅटलॉग दिसणार नाही.

या दोन आमंत्रणांची सरमिसळ झाली की बायका पुढच्या वेळी येत नाहीत. हळदीकुंकवाला म्हणून बोलवायचं आणि तिळगूळ हातावर ठेवल्यावर कॅटलॉग उघडायचा, हा प्रकार मी पाहुणी म्हणून पाहिलेला आहे. त्या घरी घेतलेला डबा आम्ही सगळ्यांनी भिडेखातर घेतला, आणि पुढच्या वर्षी प्रत्येकीला काही ना काही काम निघालं.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम अधिसूचित केले. विक्रेत्याने आधी वेळ ठरवल्याशिवाय आणि ओळखपत्राशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, बोलायला सुरुवात करतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे आणि कशासाठी आलो ते सांगायचं, असं त्यांत लिहिलेलं आहे. सभासद जोडत जाण्याच्या साखळीवरच पैसे मिळणाऱ्या पिरॅमिड योजनांना त्यांत सरळ बंदी आहे. अनेक जणी याकडे सरकारी कटकट म्हणून बघतात. मला तर हे नियम आपल्या घरंदाज रीतीला धरून वाटतात. कुणाच्या दारात जाताना कळवून जावं, आणि कामाने गेलो तर काम सांगावं, हे आपल्याला आजीनेच शिकवलेलं असतं.

दुपारी १.३०

मानपाडा रोडच्या एका गिऱ्हाईक ताईंनी घर दिलंय. आठ-दहा जणी जमल्यात. बसल्याबसल्या दोन गोष्टी सांगून टाकते. एक, ज्या घरी डेमो होतो त्या घराला विक्रीप्रमाणे कंपनीकडून भेटवस्तू मिळते, तशी ती या ताईंनाही मिळणार आहे. दोन, आज इथे कुणीही ऑर्डर बोलून दाखवायची नाही. प्रत्येकीला मी एक चिठ्ठी देते, घरी नेऊन भरायची, उद्या मी फोन करीन, ‘काही नको’ म्हटलं तरी चालेल. कोणी किती घेतलं हे शेजारणीला कळत नाही, त्यामुळे कुणाला कमीपणा येत नाही आणि कुणावर भीड पडत नाही.

मग डबा हातात घेते. अर्धा पाणी भरते. झाकण कडेकडेने दाबत बसवते, मध्यावर तळवा दाबून एक कोपरा जरासा उचलते, आतली हवा फुस्स करून निघते, कोपरा पुन्हा दाबते. मग वर्तमानपत्रावर डबा उलटा धरते. बायका कागदाकडे बघत राहतात. थेंब पडत नाही. त्यानंतर डबा प्रत्येकीच्या हातात जातो, कारण मी लावलेलं झाकण बघणं वेगळं आणि स्वतः लावून बघणं वेगळं.

याच झाकणातून घरगुती डेमोची पद्धत रुजली. अमेरिकेत अर्ल टपर यांचे डबे दुकानांत नुसते फळीवर पडून राहत, कारण झाकण कसं लावायचं ते गिऱ्हाइकाला दाखवायला कोणी नव्हतं. ब्राउनी वाइज आणि तिच्यासारख्या बायका हेच डबे घरोघरी बैठका घेऊन खपवत होत्या. ते बघून कंपनीने १९५१ मध्ये माल दुकानांतून काढून घेतला, फक्त घरच्या बैठकांतून विकायचं ठरवलं आणि वाइजच्या हाती ते काम दिलं. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली स्त्री. भारतात टपरवेअर १९९६ मध्ये आलं. पुढे अनेक कंपन्यांनी ही रीत उचलली, आणि तिच्यावर आजही हजारो घरांतल्या बायका स्वतःच्या नावाचा पैसा कमावतात. या कामाबद्दल मला आदर आहे तो त्यामुळे. म्हणूनच ते कुणाला टाळावंसं वाटू नये याची काळजी मी घेते.

प्रश्न येतात. ‘हळदीचा डाग जातो का हो?’ डबा घासून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, बराच फिका होतो. ‘मायक्रोवेव्हला चालतो?’ ज्याच्या तळाशी तशी खूण आहे तोच चालतो, बाकीचे नाही. ‘गॅरंटी?’ नेहमीच्या वापरात तडा गेला तर कंपनी बघते, पण गॅसच्या शेगडीजवळ वितळला तर नाही. जे नाही ते सुरुवातीलाच सांगितलं की नंतर फोन घ्यायला संकोच वाटत नाही.

पावणेतीनला आवरतं घेते. डेमो सव्वा तासाचा म्हटला की सव्वा तासाचाच. ताईंनी केलेली साबुदाणा खिचडी मात्र खाऊन निघते.

दुपारी ४.००

घरी आल्या आल्या आमच्या लीडरताईंचा फोन. पलावाकडच्या एका सोसायटीत आज संध्याकाळी ५ ते ९ प्रदर्शन आहे, एक स्टॉल ऐनवेळी रिकामा झालाय, महिनाअखेर जवळ आली आहे, तू घे.

मोह होतो, त्यामुळे कागदावर आकडे मांडते. स्टॉलचं भाडं १५०० रुपये, सामान नेण्या-आणण्याची रिक्षा ३००. शंभर रुपयांच्या विक्रीत माझ्या हाती वीस राहतात असं धरलं, तर ९००० रुपयांची विक्री होईपर्यंत मी नुसता खर्चच भरून काढते. चार तासांत, ऐनवेळी, अनोळखी सोसायटीत एवढा माल जाणं कठीण. रथसप्तमीनंतरच्या एका रविवारचा स्टॉल मी डिसेंबरातच ठरवलाय, तिथे माझी जुनी गिऱ्हाइकं आहेत आणि त्यांना आधीपासून माहीत आहे.

‘ताई, आज नाही जमणार. मैत्रिणीच्या सुनेची पहिली संक्रांत आहे,’ मी सांगते. ‘आणि टार्गेटसाठी माल स्वतःच्या नावावर उचलून ठेवणार नाही. जेवढ्या ऑर्डरी येतील तेवढाच माल मागवीन.’

‘बघ बाई, पॉइंट्स थोडक्यात राहतील.’

‘राहू देत. पुढच्या महिन्यात बघू.’

आलेला प्रत्येक मोका घेतला तर त्याची किंमत घरच्यांच्या वेळातून चुकती होते. विक्रीचा महिना दर महिन्याला संपतो आणि पुन्हा सुरू होतो. सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते.

संध्याकाळी ६.३०

टिळकनगरात मैत्रिणीच्या घरी दारात रांगोळी, आत बायकांची ये-जा. निघताना मी पर्स मुद्दाम बदलली. कॅटलॉग, चिठ्ठ्या, कार्डं असलेली पिशवी घरीच ठेवली. ती बरोबर असली की हात आपोआप तिकडे जातो.

सून काळ्या साडीत, वर हलव्याचे दागिने: हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक दाण्यावर काटा उठून आलेला. ‘घरीच केलाय गं सगळा हलवा,’ मैत्रीण सांगते. मंद आचेवर थोडाथोडा पाक सोडत तासन् तास हात फिरवावा लागतो, तेव्हा असा काटा येतो. तिने हे आठवडाभर केलंय. मी आज स्टॉलवर असते तर उद्या फोटो बघून ‘छान’ एवढंच म्हटलं असतं.

पलीकडे बसलेल्या एक काकू वाकून विचारतात, ‘तुमच्याकडे तो मसाल्याचा डबा असतो ना? मला दाखवा की.’

‘आहे ना काकू. उद्या सकाळी अकराला फोन करते. आत्ता उखाणा ऐकू या.’

उखाणा होतो, हशा पिकतो, कुंकू लावलं जातं, हातावर तिळगूळ पडतो. वाण म्हणून स्टीलची वाटी. मैत्रिणीने वाण माझ्याकडून घेतलं नाही, भांडीवाल्याकडून घेतलं. तिच्या घरात तिला काय हवं ते तिने घ्यावं. ती माझ्याकडून काहीच घेत नाही आणि माझ्या प्रत्येक अडचणीला धावून येते. असं एक तरी घर प्रत्येक विक्रेतीला हवं, जिथे तिच्याकडे कुणी गिऱ्हाईक म्हणून बघत नाही आणि तीही कुणाकडे तसं बघत नाही.

रात्री ९.३०

जेवणं आटोपून हिशेबाची वही काढते. आलेले यूपीआयचे पैसे, रिक्षाचा खर्च, उद्या करायचे फोन. काकूंचं नाव अकराच्या समोर लिहिते. सांगितलेल्या वेळेला फोन गेला की समारंभात डबा दाखवला नाही म्हणून कुणी रागावत नाही.

तेवढ्यात टीममध्ये नुकत्याच आलेल्या एका मुलीचा फोन येतो.

‘ताई, उद्या मामेबहिणीचा साखरपुडा आहे. शंभरेक माणसं येतील. कॅटलॉग नेऊ का?’

‘नको. साडी नेस, पंगतीत वाढायला उभी राहा, मामींना काही हवं-नको बघ.’

‘पण एवढी माणसं एकदम कुठे भेटणार?’

‘भेटतील तेव्हा त्यांना तुझं नाव कळू दे, तू काय करतेस ते कुणी विचारलं तर एका वाक्यात सांग. ज्यांनी विचारलं त्यांनाच सोमवारी फोन कर, आणि फोन कशासाठी केलाय ते पहिल्याच वाक्यात सांग. दहांतल्या दोघी हो म्हणतील. उरलेल्या आठ जणींकडे पुढच्या सणाला तू ताठ मानेने जाशील. हा धंदा वर्षानुवर्षं करायचा असेल तर त्या आठ जणी तुला त्या दोघींइतक्याच लागतील.’