पेटारी केवढी असावी?

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. गेल्या वर्षी भाद्रपदात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मामा, पाच आठवडे झाले, ह्यानं काही खाल्लेलं नाही." 'हा' म्हणजे बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतला छोट्या जातीचा अजगर, त्यातही दोन विती लांबीचं पिल्लू.

मी विचारलं, "ठेवलंयस कशात?"

फोटो आला. चार फूट लांब, दोन फूट रुंद काचेची पेटी. आत निळा दिवा, एका टोकाला प्लास्टिकचं झाड, बाकी सगळं ओसाड मैदान. पिल्लू पाण्याच्या वाटीमागं अंग चोरून पडलेलं. "मोकळं वाटावं म्हणून मुद्दाम मोठं घर केलंय," तो म्हणाला.

तीस वर्षांहून अधिक काळ लातूर, औसा, चाकूर या पट्ट्यात मी घरात निघालेले साप धरून सोडत आलोय. लोक विचारतात, विषारी आहे का, दूध पितो का, डूख धरतो का. साप केवढ्या जागेत ठेवावा, हे विचारणारा हा पहिलाच. माझ्या मनात मात्र हा प्रश्न शाळकरी वयापासून आहे.

तेव्हा लातूरच्या गंजगोलाईत गारुडी यायचे. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात तिथं गर्दीला तोटा नाही. गारुडी उकिडवा बसून वेताच्या करंडीचं झाकण काढायचा आणि नाग फणा काढून उभा राहायचा. सगळ्यांचं लक्ष पुंगीकडं, माझं करंडीकडं. वीतभर खोल, जेमतेम दीड वीत रुंद. त्यात चार-साडेचार फुटांचा नाग मावतो कसा? वडील म्हणायचे, घडी घातली की लुगडंही पिशवीत मावतंच की. पुढं कळलं की नाग पुंगीवर डुलत नाही, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवतो. फणा तर अंधारातून एकदम उजेडात आल्यावर घाबरून काढलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे अनेकांचे दात उपटलेले, कुणाचं तोंडही शिवलेलं. त्या करंडीत त्याला आडोसा होता, पण अंग सरळ करायची सोय नव्हती. हे दोन शब्द, आडोसा आणि सरळ अंग, लक्षात ठेवा. सगळा लेख त्यांच्यावरच उभा आहे.

आडोशाचा उत्तम नमुना मी चेन्नईजवळ वडनेम्मेलीला पाहिला. तिथं इरुला जमातीची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. शेतातले उंदीर-साप धरण्यात पिढ्यान् पिढ्या हात बसलेली ही माणसं. कातड्यांच्या व्यापारावर बंदी आल्यावर त्यांनी हेच कौशल्य प्रतिविषासाठी लागणारं विष काढण्याकडं वळवलं, त्यामागं सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांची मोठी खटपट होती. त्यांचे साप राहतात मातीच्या मडक्यांत! तळाशी वाळू, तोंडाला कापड बांधलेलं. तीन-चार आठवडे साप तिथं राहतो, साधारण आठवड्याला एकदा विष काढतात आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून पुन्हा रानात सोडतात. मडकं गार, अंधारं, भिंती गोल. साप आत जातो आणि गप्प होतो. मी तिथं दोन तास उन्हात उभा राहून मडकीच बघत होतो. सोबतचे मित्र कंटाळून महाबलीपुरमला निघून गेले.

याच्या उलट टोकाचा पिंजरा आपल्या पुण्यात झाला. १९८० साली नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. पिंजऱ्यात कोंडलेला प्राणी तिथं माणूस होता, हे मला फार आवडतं. लोक विक्रम म्हणून बघायला गेले असतील. मला कुतूहल आहे ते साप कुठं जाऊन बसले याचं. पैजेवर सांगतो, कोपरे आधी भरले असणार. पुढं १९८६ साली खैऱ्यांच्याच पुढाकारानं कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. तिथं गेलात तर साप बघण्याआधी साप कुठं बसलाय ते बघा. भिंतीला, दगडाला, ओंडक्याला अंग चिकटवूनच बसलेला दिसेल.

कारण साधं आहे. रानात नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू सगळ्यांचं खाद्य असतं. मुंगूस, घार, भारद्वाज, मांजर, घोरपड, मोठे साप, गावातली कोंबडीसुद्धा. नागाचं पिल्लू जेमतेम वीत-सव्वा वीत भरतं. उघड्यावर राहिलं तर मेलं, फटीत शिरलं तर वाचलं. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं आठवा, हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. एकेका भिंतीत कवड्या साप, पाली, उंदीर, विंचू असा अख्खा वाडा नांदायचा. बॉल पायथनही तिकडं आफ्रिकेत उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. म्हणजे आपला नाग आणि तो, दोघंही दुसऱ्यानं बांधलेल्या घरातले भाडेकरू. अशा जिवाला चार फुटांचं उघडं मैदान दिलं की त्याला ते मोकळं वाटत नाही, घारीच्या नजरेखाली बसल्यासारखं वाटतं. भ्यालेला साप खात नाही.

मग खोकं लहानच असावं का? इथंच पाळणाऱ्यांत दोन तट पडतात. जुन्या मताचे म्हणतात, पेटीची लांबी आणि रुंदी मिळून सापाच्या लांबीएवढी झाली की पुरे. पैदास करणारे तर कपाटाच्या खणांसारख्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये साप ठेवतात, एकावर एक पंधरा-वीस. मला ही खणांची कपाटं अजिबात आवडत नाहीत, किराणा दुकानातल्या मसाल्यांसारखी दिसतात. 'साप सरळ होतच नाही, त्याला वेटोळ्यातच सुख' हा त्यांचा लाडका युक्तिवाद. दुसरा तट म्हणतो, सापाला अंग सरळ करता आलंच पाहिजे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासाभराच्या निरीक्षणात ६५ सापांपैकी २४ साप सरळ किंवा जवळजवळ सरळ पसरलेले आढळले. जागा मिळाली की साप पाय पसरतो, पाय नसले तरी.

माझा हिशेब असा. पेटीची लांबी सापाच्या लांबीपेक्षा कमी नको, रुंदी निदान निम्मी. दोन विती पिल्लाला दीड फूट बाय एक फूट जागा सुरुवातीला पुरते. त्याहून लहान डब्यात दुसरीच अडचण येते. सापाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. ऊन हवं तेव्हा तो उबेत सरकतो, नको तेव्हा सावलीत. त्यासाठी एक टोक ३१-३२ अंशांचं आणि दुसरं २५-२६ चं लागतं. वीतभर डब्यात हे जमत नाही, सगळा डबा एकसारखा तापतो आणि पिल्लाला पळायला जागा उरत नाही. परदेशी पुस्तकं पानंच्या पानं ऊब कशी द्यायची हे सांगतात. लातूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर गारवा कसा द्यायचा, हे त्यांत नाही. ओलं गोणपाट, मातीचं भांडं आणि खिडकीपासून लांब ठेवलेली पेटी, हे आपलं आपणच शिकायचं.

मीही शिकलो, पण पिल्लाच्या जिवावर. चाकूरच्या वाटेवर दिवडाचं पिल्लू बरणीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलं, झाकणाला भोकंही पाडली होती. वाटेत चहाला थांबलो. ऊन होतं. डिकी उघडली तेव्हा ते गेलं होतं. तेव्हापासून मी सुती पिशवीशिवाय साप नेत नाही.

आता कायद्याचं, थोडक्यात. नाग, धामण, दिवड, मांडूळ, आपला अजगर, यांतलं काहीही घरात पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि यावंच. अंगणात पिल्लू निघालं तर १९२६ वर वनविभागाला कळवा. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. भाच्यानं केली होती, नाहीतर आधी फोनवरच कान धरला असता. पाळावाच का, या प्रश्नावर माझं मत 'नको' असंच आहे. पण आणलेल्या जिवाला उपाशी मारायचं का?

म्हणून त्याला सांगितलं, मोठी पेटी फेकू नकोस, मध्ये आडवी फळी घालून निम्मी कर. निळा दिवा काढ, तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद चिकटव. नारळाच्या दोन करवंट्या घे, काठाला दाराएवढी खाच पाड, एक उबदार टोकाला पालथी घाल, एक गार टोकाला. एकच ठेवलीस तर बिचाऱ्याला भीती आणि थंडी यांतून एक निवडावं लागेल. करवंटी प्रशस्त नको. वेटोळं केल्यावर पाठ टेकली पाहिजे, पावसात खोपीत बसतो तसं. मधल्या जागेत वाळका पाला, सालीचे तुकडे. अंग बुडेल एवढी पाण्याची वाटी. आणि पेन्सिल जाईल अशी फट कुठंही ठेवू नकोस, कारण पेन्सिल जाते तिथून पिल्लू जातं. मग आठवडाभर हात लावायचा नाही, झाकण उघडून 'कसा आहेस' विचारायचं नाही.

नवव्या दिवशी मेसेज आला: खाल्लं!

वाढीचं गणित राहिलं. पहिली दोन-तीन वर्षं हा साप वर्षाला साधारण फूटभर वाढतो. अडीच फुटांचा झाला की तीन फुटी पेटी, पूर्ण वाढीला चार बाय दोन बाय दोन. म्हणजे भाच्यानं आणलेली पेटी चुकीची नव्हतीच, फार आधी आणली होती. फळी दर काही महिन्यांनी सरकवायची, आडोसे वाढवायचे. जागा आणि आडोसा जोडीनं वाढले तर मोठ्या पेटीतही पिल्लू बिचकत नाही. माप मात्र कातीवरून घेऊ नका, उतरताना ती ताणली जाते. साप स्वतःहून सरकत असताना वरून फोटो काढावा आणि त्यावर सुतळीनं मोजावं.

हे मी फोनवर दोनदा समजावलं होतं. तरी गेल्या दिवाळीत भाचा कात रुमालात गुंडाळून उदगीरला आईकडं घेऊन आला. आक्कानं शिवणाची टेप लावली. बावीस इंच. सुतळीनं साप अठराच भरला होता.

"खोकं बावीसचंच धर की," आक्का म्हणाली, "पोराचं कापड घेताना आपन वाढत्या अंगाचंच घेतो की न्हाई?"

मग तिनं ती कात नीट घडी करून कपाटातल्या खणात, बँकेच्या पावत्यांवर ठेवून दिली.