बाटलीतून घडते विमानाची काच

थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कुणी उकळतं पाणी ओतलं, तर ती डोळ्यांदेखत आखडते, वेडीवाकडी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणारे हौशी लोक नेमका याच आखडण्याचा उपयोग करून घेतात. कॉकपिटवरची पारदर्शक काच, म्हणजे कॅनॉपी, ते या बाटलीतून घडवतात. त्यासाठी साचाकामाचं यंत्र लागत नाही की विकतची शीट लागत नाही. परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानं उतरत नाहीत. पण कृषी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकांत फवारणीचा ड्रोन उडताना पाहिलेली मुलं इथे आहेत. त्यांच्यासाठी ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

बाटली का आखडते, हे कळायला ती कशी तयार होते ते पाहावं लागतं. तिचं प्लास्टिक म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, रोजच्या बोलण्यातलं ‘पेट’. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी ते शोधलं, तेही कापडाच्या धाग्यासाठी. टेरिलीन ते हेच. त्याची बाटली व्हायला आणखी तीन दशकं गेली. सोड्याचा दाब सोसेल अशी हलकी, पातळ भिंत हवी होती. ड्यू पाँट कंपनीच्या नॅथॅनिएल वायेथ यांनी प्लास्टिक उभं आणि आडवं असं दोन्हीकडून ताणून ती साधली. त्यांच्या बाटलीचं पेटंट १९७३ चं. आजही पद्धत तीच आहे. परीक्षानळीसारखा दिसणारा जाड ‘प्रीफॉर्म’ १०० अंशांच्या आसपास तापवतात, आत सळई घालून लांबवतात आणि वातावरणाच्या ३५-४० पट दाबाची हवा सोडून साच्यात फुगवतात. तीन-चार मिलिमीटर जाडीची भिंत ०.३ मिलिमीटरच्या आसपास येते. आटे असलेली मान तेवढी न ताणता राहते.

ताणताना प्लास्टिकचे लांबलचक रेणू रांगेत येतात आणि साच्याच्या गार भिंतीला टेकताच तसेच अडकून बसतात. त्यांना हलायला मोकळीक मिळते ती ७० ते ८० अंशांच्या पुढे. परभणीच्या उंचीवर पाणी ९९ अंशांच्या किंचित खाली उकळतं, म्हणजे तेवढी उष्णता पुरून उरते. सुटलेले रेणू पुन्हा गोळा होऊ पाहतात आणि भिंत मागे खेचली जाते. मानेत ताणच नसल्याने तिला त्या मानाने फारसं काही होत नाही. हा अडकलेला ताण डोळ्यांनीही पाहता येतो. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर बाटलीचा तुकडा धरा आणि पोलरॉइड गॉगलमधून बघा, त्यावर रंगांच्या छटा उमटतात.

आता काम. सागाच्या किंवा लिंबाच्या लाकडातून कॅनॉपीच्या आकाराचा ठोकळा कोरायचा, पण काचेच्या जाडीइतका लहान. त्याला पुट्टी भरून पॉलिश पेपरने इतका गुळगुळीत करायचा की बोट फिरवल्यावर रेषा लागू नये. लाकडाची प्रत्येक शीर काचेवर उमटते. मग बाटलीचा तळ कापून ठोकळा आत सरकवायचा आणि त्याच्या खाली लाकडी पाचर ठोकून तो घट्ट बसवायचा. सारं यश या पाचरीवर आहे. ती सैल राहिली तर प्लास्टिकला सुरकुत्या पडतात. गाड्यांना फिल्म चिकटवणारे वापरतात ती हीट गन वीतभर अंतरावरून सतत फिरवत ठेवायची. काही क्षणांत प्लास्टिक थरथरतं, घड्या विरतात आणि ते ठोकळ्याला चिकटून बसतं. पूर्ण गार झाल्यावरच पाचर काढायची आणि कडा कापायच्या.

गन एका जागी थांबली की तिथे पांढरा डाग पडतो. जास्त उष्णतेत रेणू स्फटिकांच्या रूपात बसतात, प्रकाश विखुरतो आणि पारदर्शकपणा गेला तो गेलाच. दुसरी मर्यादा आकाराची: प्लास्टिक फुगवट्यावर ताणून बसतं, खळग्यात उतरत नाही.

सोड्याची दोन लिटरची, सरळ भिंतीची बाटली सर्वांत चांगली. पाण्याच्या बाटलीला वळ्या असतात आणि त्यांच्या खुणा राहतात. फळांच्या रसाच्या काही बाटल्या मात्र गरम पेय भरण्यासाठी मुद्दाम उष्णता देऊन पक्क्या केलेल्या असतात, त्या आखडायला नकार देतात. वजनाचं गणित समाधान देणारं आहे. पेटची घनता १.३८; ०.३ मिलिमीटर जाडीचा १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा सुमारे चार ग्रॅम भरतो. आखडताना तो थोडा जाड होतो, तरी हलक्या विमानाला सहज पेलवतो. चिकटवायला झटपट सुकणारा सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच धुरकटते. पांढरा फेव्हिकॉल बरा.

परभणीकरांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जाऊ शकतो. तिथे ठेवलेली कॅनॉपी पुन्हा आखडू लागेल, कारण तिच्यातला सगळा ताण गेलेला नसतो.

खऱ्या लढाऊ विमानांतही हेच तत्त्व दिसतं. अनेकांच्या कॅनॉप्या दोन्ही दिशांनी ताणलेल्या ॲक्रिलिकच्या असतात, कारण ताणलेल्या ॲक्रिलिकमध्ये तडा सहज पसरत नाही. नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० जोडली जातात. त्या कारखान्यातल्या अभियंत्याला जे पदार्थविज्ञान लागतं, त्याचा पहिला धडा या बाटलीत आहे.

यातून प्लास्टिकच्या कचऱ्याचा प्रश्न सुटतो, असा दावा मी करणार नाही. उरलेला तळ आणि मान भंगारवाल्याकडेच जावी. पेटचा पुन्हा धागा होतो. जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना मात्र विनंती आहे: एक बाटली, एक किटली उकळतं पाणी आणि एक तास एवढं या धड्याला द्या. पाणी शिक्षकांनीच ओतावं, आणि हीट गन वापरायचीच झाली तर चामडी हातमोजे घालून मोठ्यांनीच धरावी.