वाचनसंध्या भरवताना

मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा 8 माध्यमांतून चालतात. अनेकदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमे नांदतात, पण पालकांची एकमेकांशी तोंडओळखही नसते. कुटुंबांची वाचनसंध्या भरवायला याहून चांगली जागा कोणती?

तारीख 21 फेब्रुवारीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिनाच्या आसपासची घ्यावी. वेळ मात्र पालकांना विचारूनच ठरवावी. चार घरची कामे उरकणाऱ्या आईला सहाला यायला जमेलच असे नाही. आमंत्रण तोंडी द्यावे. ज्यांना वाचता येत नाही, ते छापील कागद पाहूनच बिचकतात, आणि खरी काळजी त्यांचीच घ्यायची आहे.

त्यांच्यासाठी बिनशब्दांची चित्रपुस्तके ठेवावीत. आजी चित्रे पाहत भोजपुरीत गोष्ट सांगते, नातू ती त्याला येते त्या लिपीत उतरवतो, शेवटी खाली तिचे नाव लिहितो आणि कागद वर्गाच्या भिंतीवर लागतो. संध्याकाळचा जास्तीत जास्त वेळ यालाच द्यावा. वेशभूषा आणि नाचगाणी स्नेहसंमेलनात होतातच.

पुस्तकांच्या खर्चाची चिंता नको. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या गोष्टी मोफत मिळतात आणि छापूनही घेता येतात.