लेहंग्याला खिसा

फॅशन डिझायनर अनिता डोंगरे यांचे लेहंगे खिशांसाठी ओळखले जातात. भरतकाम, घेर सगळं नवरीच्या थाटाचं आणि बाजूच्या शिवणीत मोबाइल मावेल असा खिसा. सांगायला सोपं, शिवायला नाही. खिशात वजन पडलं की शिवण ओढली जाते आणि घेराला झोल येतो. तरीही तो हवाच, कारण नवरी त्या दिवशी फोटोपुरती उभी नसते. ती चालते, नाचते, शंभर जणांशी बोलते. बाई दिवसभर काय करते हे आधी बघायचं आणि मग कापडाला कात्री लावायची, हीच डोंगरे यांच्या धंद्याची मूळ दृष्टी आहे, असं मला वाटतं.

मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात फॅशनचं शिक्षण घेऊन त्यांनी बहिणीच्या साथीनं काम सुरू केलं, ते दोन शिलाई मशिनवर. १९९५मध्ये कंपनी उभी राहिली. तेव्हा शहरातल्या बँकांत, जाहिरात कंपन्यांत मुली मोठ्या संख्येनं नोकरीला लागत होत्या, पण त्यांना ऑफिसात घालायला नीट बेतलेली पँट किंवा शर्ट मिळणं मुश्किल होतं. डोंगरे यांनी ते कपडे केले. दुकानदारांनी नाकारले. मग १९९९मध्ये मुंबईच्या क्रॉसरोड्स मॉलमध्ये त्यांनी ‘अँड’ नावानं स्वतःचंच दुकान थाटलं.

ऑफिसचे कपडे करण्याच्या या निर्णयाचं मोल कळायला दुकानाचा हिशेब पाहावा लागतो. लग्नाचा लेहंगा एकदाच विकला जातो. ऑफिसची पँट बसली तर तीच गिऱ्हाईक दर दोन-चार महिन्यांनी परत येते. पण ‘बसली तर’ यातच सगळी मेहनत आहे. एका डिझाइनचे लहान ते मोठे असे पाच-सहा साइझ काढायचे, तर नुसतं माप सरसकट वाढवून भागत नाही. कंबर वाढते त्या प्रमाणात खांदा वाढत नाही. आपल्याकडच्या बायकांच्या अंगाला परदेशी मापांचा तक्ता जसाच्या तसा लागत नाही. त्यात मधले साइझ आधी संपतात, टोकाचे रॅकवर राहतात. असा तुटक माल म्हणजे अडकलेलं भांडवल, आणि तो सेलमध्ये काढला की कमावलेला नफा तिथेच जातो. फॅशनच्या पुरवण्यांत रॅम्पचे फोटो भरपूर येतात, हे कष्ट क्वचित. म्हणूनच ते इथे मुद्दाम लिहिले.

२००७मध्ये रंगीत, भारतीय वळणाच्या रोजच्या कपड्यांचा ‘ग्लोबल देसी’ हा ब्रँड आला. एप्रिल २०१६मध्ये ब्रिटिश राजघराण्यातल्या केट मिडलटन मुंबईच्या ओव्हल मैदानावर डोंगरे यांचा ड्रेस घालून क्रिकेट खेळल्या आणि मागणीच्या लोंढ्यानं कंपनीची वेबसाइट बंद पडली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला सोहोमध्ये दुकान झालं.

पण त्यांची महत्त्वाकांक्षा मोजायची तर सोहोपेक्षा चारोटीला जावं. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरचं पालघर जिल्ह्यातलं हे गाव. या आदिवासी पट्ट्यातली माणसं पावसाळा संपला की कुटुंबासह वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. घराला कुलूप आणि मुलांची शाळा सुटलेली. डोंगरे यांच्या संस्थेनं इथल्या गावांत बायकांना शिलाई शिकवून केंद्रं सुरू केली. काम गावात आलं, तर बाईला गाव सोडावं लागत नाही. हे दानधर्माचं खातं मानणं मला चुकीचं वाटतं. शिवण सरळ हवी, माल वेळेत हवा, या अटी तिथेही सुटत नाहीत, आणि त्या पाळणारी बाई कारागीर म्हणून दाम मागू शकते. धंदा वाढवायचा म्हणजे मशिन एकाच मोठ्या शेडखाली आणायची, हा आपल्याकडचा जुना हिशेब. चारोटीत मशिन बाईच्या गावापर्यंत गेली आहे. इतर मोठ्या कपडा कंपन्यांनी आपली शिलाई कुठे होते हे सांगताना या नमुन्याकडे जरूर पाहावं.