मोठा झाला की जाईल. मोठी झाली तर?

थंडी पडली की घरातल्या एखाद्या लेकराची छाती वाजू लागते आणि आजीचे ठरलेले वाक्य येते: ‘बाळदमा आहे, वयात आला की जाईल.’ जगभरातली आकडेवारी आजीच्या बाजूने आहे, पण अर्धीच. शाळकरी वयात दमा मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त दिसतो आणि मिसरूड फुटायच्या सुमारास त्यांतल्या पुष्कळांची घरघर खरोखरच ओसरते. मुलींचे उलटे होते. पाळी सुरू होण्याच्या आसपासच्या वर्षांत त्यांचा आकडा चढू लागतो आणि विशी गाठेपर्यंत पारडे पुरते फिरलेले असते. त्यानंतरची निदान तीस वर्षे दमा पुरुषांपेक्षा बायकांना अधिक गाठतो. रुग्ण अधिक, तीव्र दमा अधिक, रुग्णालयात दाखल व्हायची वेळही अधिक. पाळी थांबल्यावर हा फरक पुन्हा कमी होऊ लागतो.

एखादा आजार आयुष्याच्या नेमक्या या दोन वळणांवर बाजू बदलतो, तेव्हा संशय साहजिकच संप्रेरकांवर जातो. पण त्याआधी नळ्यांचा हिशेब पाहायला हवा.

फुफ्फुसे आणि श्वासनलिका एकाच वेगाने वाढत नाहीत. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेर मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या विजोड वाढीला ‘डिसअनॅप्सिस’ असे जडजंबाल नाव दिले. लहानपणी मुलग्याची फुफ्फुसे मोठी असतात, पण त्या मानाने नळ्या अरुंद असतात. मुलीच्या फुफ्फुसांचा आकार कमी, पण नळ्या त्यांना पुरून उरतात. वयात येताना मुलग्याच्या नळ्या ही तूट भरून काढतात आणि पुढेही जातात. प्रौढपणी सारख्याच आकारमानाची फुफ्फुसे असलेले स्त्री-पुरुष निवडून तुलना केली, तरी बाईच्या मोठ्या श्वासनलिका पुरुषाच्या नलिकांपेक्षा अरुंद निघतात. फरक मिलिमीटरांचा असला तरी त्याची किंमत जबर आहे. अरुंद नळीतून संथ वाहणाऱ्या हवेचे गणित असे, की त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणजे आतून तेवढीच सूज आली, तरी अरुंद नळीला ती जास्त महाग पडते.

एवढ्याने काम भागले असते तर बरे होते. पण नळीची रुंदी काही महिन्यातून एकदा बदलत नाही; दमा मात्र बदलतो. पाळीच्या आधीच्या चार-आठ दिवसांत धाप वाढते, रात्री खोकून उठावे लागते, पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागतो, असे दमा असलेल्या स्त्रियांपैकी साधारण २० ते ४० टक्के सांगतात. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीपूर्व तणावावरच्या निबंधात याची नोंद केली ती १९३१ साली. पुढची कित्येक दशके या तक्रारीचा शेवट बहुधा ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्यात होत राहिला. दम्याला मनाचा आजार मानण्याची जुनी खोड वैद्यकाला होतीच; समोर बाई बसलेली असली की ती आणखी बळावायची.

खरा धागा हाती लागला तो गेल्या पंधरा वर्षांत. २०१० च्या सुमारास रोगप्रतिकारशास्त्रज्ञांना एक नवी पेशी सापडली. तिला आयएलसी-२ म्हणतात. संख्येने अगदी थोड्या असलेल्या या पेशी फुफ्फुसाच्या अस्तरापाशी दबा धरून असतात. धूळ, परागकण, विषाणू यांनी अस्तर दुखावले की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-३३ नावाचा धोक्याचा संदेश सोडतात. आयएलसी-२ तो ऐकतात आणि दोन रसायने ओततात: इंटरल्युकिन-५, ज्याच्या जोरावर सूज वाढवणाऱ्या इओसिनोफिल पेशी जमा होतात, आणि इंटरल्युकिन-१३, ज्यामुळे चिकट कफ सुटतो व नळ्या आखडण्याकडे झुकतात. दम्याचे अर्धे वर्णन इथेच झाले.

२०१७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी याच पेशींवर बोट ठेवले. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातला डॉन न्यूकम यांचा गट आणि फ्रान्सच्या तुलूझमधला गट. उंदरांत नराच्या फुफ्फुसात या पेशी कमी आणि मादीत जास्त, हे दोघांनाही दिसले. नराचे वृषण काढले की त्याच्या पेशी वाढल्या. टेस्टोस्टेरॉन दिले की त्या आवरल्या. व्हँडरबिल्टच्या चमूने माणसांचे रक्तही तपासले: मध्यम ते तीव्र दमा असलेल्या स्त्रियांत या पेशी तसाच दमा असलेल्या पुरुषांपेक्षा अधिक होत्या.

मला यातली सर्वांत रंजक गोष्ट वेगळीच वाटते. इतकी वर्षे सगळे इस्ट्रोजेनकडे बोट दाखवत होते. दमा बायकांना जास्त, तेव्हा दोष बायकांच्या संप्रेरकाचा, हे गृहीतच होते. प्रयोगांनी निदान अर्धा हिशेब फिरवला. स्त्रीच्या शरीरात काहीतरी बिघडवणारे आहे असे म्हणण्यापेक्षा पुरुषाच्या शरीरात काहीतरी राखण करणारे आहे, असे म्हणायला हवे. मिसरूड फुटताना दमा का पळतो, याचे उत्तर त्या मिसरुडामागच्याच रसायनात मिळते.

इस्ट्रोजेन अगदी निर्दोष सुटले असेही नाही. न्यूकम यांच्याच गटाने २०१५ मध्ये दाखवले, की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मिळून इंटरल्युकिन-१७ची निर्मिती वाढवतात. दम्याचा जो प्रकार स्टिरॉइडच्या पंपाला नीट दाद देत नाही, त्याच्याशी या रसायनाचा संबंध जोडला जातो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीतही पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत नव्याने दमा जडण्याचे प्रमाण जास्त आढळले. पण इस्ट्रोजेन एवढेच कारण असते, तर पाळीआधी ते उतरते तेव्हा दमा हलका व्हायला हवा होता. होते भलतेच. पातळी किती आहे, यापेक्षा ती किती झपाट्याने बदलते आहे, हे कदाचित महत्त्वाचे असावे. या कोड्याची सगळी टोके अजून जुळलेली नाहीत.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन आभाळाला भिडतात आणि दमा तीन वाटांनी जातो: ढोबळमानाने एक तृतीयांश जणींचा सुधारतो, तितक्याच जणींचा बिघडतो, उरलेल्यांचा होता तसाच राहतो. आपल्याकडे यात एक घरगुती उपद्व्याप मिसळतो. ‘बाळाला बाधेल’ म्हणून पंप बंद केला जातो. पंपातून ओढलेले स्टिरॉइड मायक्रोग्रॅमांत मोजण्याइतके थोडे असते. न आवरलेला दमा आईच्या आणि पर्यायाने बाळाच्या रक्तातला प्राणवायू घटवतो. बाळाला बाधतो तो हा दमा, पंप नव्हे.

पंप लपवण्याची सुरुवात त्याच्याही आधी, स्थळे पाहताना होते. मुलगा चारचौघांत पंप ओढतो. मुलीचा पंप पर्सच्या तळाशी, रुमालाखाली असतो. लग्नानंतर चूल असेल तर लाकडा-गोवऱ्यांचा धूर आणि नसेल तर फोडणीचा ठसका, फरशीचे ॲसिड, केर काढताना उडणारी धूळ, हे सगळे पुन्हा तिच्याच वाट्याला. जगातले सुमारे १३ टक्के दम्याचे रुग्ण भारतात असताना दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक इथे घडतात, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. नियमित घ्यायचे औषध न घेणे हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. ते काही संप्रेरकांच्या माथी मारता येणार नाही.

मग बायकांना टेस्टोस्टेरॉन द्यायचे का? आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर केस येणे हे परिणाम पाहता तसे सरसकट कोणी करणार नाही. त्यापेक्षा सौम्य पुरुष-संप्रेरक, डीएचईए, फवाऱ्यातून देऊन पाहण्याचे छोटे प्रयोग झाले आहेत. औषधाच्या दुकानापर्यंत त्यातले काही आलेले नाही. तोवर हाताशी आहे ते पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायची प्लॅस्टिकची नळी. रोज सकाळी फुंकावे, आकडा वहीत लिहावा आणि त्याच वहीत पाळीच्या तारखाही लिहाव्यात. दोन-तीन महिन्यांत आकडा नेमका त्याच दिवसांत घसरताना दिसला, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्या आठवड्यापुरता औषधाचा डोस वाढवायचा का, हा निर्णय मग अंदाजाने घ्यावा लागत नाही.