पंचवीस मिलिमीटरचा पेच

वऱ्हाडातल्या धामणगाव रेल्वे या गावात दिवेलागण झाली की कौलांखालून, भिंतींच्या फटींतून इवलीशी वटवाघळं बाहेर पडतात आणि दिव्यांवरच्या किड्यांचा फडशा पाडू लागतात. वडावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांची ही पिल्लं असावीत, असा अनेकांचा समज असतो. पण पिपिस्ट्रेल या छोट्या वटवाघळांच्या गटातल्या सर्वांत लहान प्रजातींचं पूर्ण वाढलेलं वटवाघूळही जेमतेम तीन-चार ग्रॅमचं असतं.

मग पिल्लू कोणतं आणि प्रौढ कोणतं? पंख उजेडासमोर पसरून बोटांचे सांधे पाहायचे. पिल्लाच्या सांध्यात कूर्चेचा फिकट पट्टा दिसतो. प्रौढाचा सांधा गाठीसारखा गोल आणि भरीव असतो. हे तपासल्याशिवाय घेतलेलं माप कुचकामी.

त्यानंतर चेहरा. नाकावर पानासारखी त्वचा असेल आणि कानात छोटा उभा पडदा, म्हणजे ट्रॅगस, नसेल, तर ते पिपिस्ट्रेल नव्हे, पर्णनासिक गटातलं. उंदरासारखी लांब, मोकळी शेपटी असेल तर उंदीरशेपट्या. पिपिस्ट्रेलचं नाक साधं, ट्रॅगस आखूड आणि शेपटी जवळजवळ टोकापर्यंत पायांमधल्या पडद्यात गुंतलेली.

इथवर डोळ्यांचं काम. खरी पंचाईत पुढेच आहे. अभ्यासक कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजतात. पिपिस्ट्रेलस टेनुइस या प्रजातीत ती साधारण 25 ते 31 मिलिमीटर, तर पिपिस्ट्रेलस कोरोमॅंड्रामध्ये 25 ते 35. म्हणजे 28 मिलिमीटर भरलं तर दोन्ही नावं शक्य! रंगावर तर विसंबूच नये, एकाच प्रजातीत तो बराच बदलतो. अशा वेळी कवटी, दात आणि नराच्या लिंगातलं बारीक हाड पाहावं लागतं. जे. ई. हिल आणि डेव्हिड हॅरिसन यांनी 1987 साली याच हाडाच्या आधारे पिपिस्ट्रेलच्या नातलगांची फेरमांडणी केली.

मेक्सिको ते ब्राझीलच्या पट्ट्यातलं लांबनाक्या वटवाघूळ ओळखायला त्या मानाने सोपं: नाक पुढे आलेलं आणि हाताच्या हाडावर केसांचे झुपके. वऱ्हाडातल्या पिपिस्ट्रेलांकडे अशी सोय नाही. त्यामुळे मोबाइलवरच्या एका फोटोवरून कुणी ठामपणे प्रजाती सांगितली, तर शंका घ्यावी.

घरात असं वटवाघूळ सापडलंच, तर चेहरा, कान आणि शेपटीचे वेगवेगळे फोटो घ्यावेत, शेजारी मोजपट्टी ठेवावी. उघड्या हाताने मात्र धरू नये. दात बारीक असले तरी ते चावतं.