वॉरंटीला सीमा नसते

निपाणीच्या माणसाला मोठी खरेदी करायची झाली की तो सहसा कोल्हापूरची एसटी पकडतो. कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर, बेळगाव 75. लग्नाचा बस्ता असो की कॉम्प्युटर, पाय आपोआप उत्तरेकडे वळतात. वस्तू चालते तोवर काहीच अडचण नसते. ती बिघडली की मात्र कोगनोळीचा नाका आडवा येतो.

मागच्या वर्षी निपाणीत माझ्या मावशीच्या घरी हेच झालं. मावसबहीण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्यासाठी कोल्हापुरातून एका नावाजलेल्या कंपनीचा डेस्कटॉप घेतला होता. वॉरंटी तीन वर्षांची, तीही घरी येऊन दुरुस्तीची. आठव्या महिन्यात एका सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरतोय आणि स्क्रीनवर अंधार. आत तिचा प्रोजेक्ट होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मावशीच्या यजमानांच्या भजनांची रेकॉर्डिंग होती. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा आवाज त्या एकाच डिस्कवर होता.

दुकानदार म्हणाला, "आमचं काम विकायचं, कंपनीला फोन करा." कंपनीच्या हेल्पलाईनने पिनकोड विचारला. निपाणीचा 591237. 59 म्हणजे कर्नाटक, म्हणून तक्रार बेळगावच्या सर्व्हिस सेंटरकडे गेली. ते म्हणाले, "बिल कोल्हापूरचं आहे, तिकडंच न्या." कोल्हापूरवाले म्हणाले, "तुमचा पिनकोड आमच्याकडं बसत नाही." तीन आठवडे गेले. मावशी मला फोनवर म्हणाली, "आम्ही ह्यांचं बी नाही आणि त्यांचं बी नाही, असंच म्हणायचं की रं?" सीमाभागातल्या माणसाला हे वाक्य नवीन नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे पडद्यामागे काय चालतं याचा थोडा अंदाज होता. तक्रार कोणत्या सेंटरला द्यायची हे पिनकोडवरून ठरतं. वॉरंटी आहे की नाही हे यंत्राच्या सिरियल नंबरवरून ठरतं. वॉरंटीच्या कागदावर 'भारतभर' असं लिहिलं असेल, तर बिल कोल्हापूरचं की बेळगावचं या प्रश्नाला अर्थ उरत नाही. पण सेंटर बहुतेक वेळा कंत्राटावर चालतं. लांबचा गाव म्हणजे त्याला जास्तीचा खर्च. त्यामुळे तोंडी टोलवाटोलवी होते. तीच गोष्ट लेखी द्या म्हटलं की सूर बदलतो.

म्हणून आम्ही फोन थांबवले आणि ईमेल लिहिला. बिलाचा फोटो, सिरियल नंबर, तक्रार क्रमांक, कोणत्या तारखेला कोण काय म्हणालं याची यादी, आणि शेवटी एकच प्रश्न: या पत्त्यावर घरी येऊन दुरुस्ती कोण करणार, ते लेखी कळवा. चार दिवस उत्तर नाही. मग बहिणीने 1915 ला फोन केला. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. तिथे मराठीत बोलता येतं आणि कन्नडमध्येही. हेल्पलाईन निकाल देत नाही, तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोचवते. पुढच्याच आठवड्यात बेळगावहून मुलगा नवा मदरबोर्ड घेऊन दारात हजर.

गोष्ट इथे संपली असती, पण बोर्ड बदलल्यावर स्क्रीनवर निळ्या पानावर 48 आकडी 'रिकव्हरी की' मागितली गेली. तो मुलगा बिचारा सरळपणे म्हणाला, "फॉरमॅट मारूया, पाच मिनिटांत चालू होईल." मावशीने माझ्याकडे पाहिलं.

हे प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. हल्लीच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की अनेक कॉम्प्युटरांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाचा संबंध यंत्रातल्या सुरक्षा चिपशी असतो. मदरबोर्ड बदलला की विंडोजला वाटतं, डिस्क कुणीतरी दुसऱ्याच यंत्राला लावली. म्हणून ते किल्ली मागतं. ती सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बहिणीने मोबाईलवर खातं उघडलं, आकडे एकेक करून वाचले, मी टाईप केले. विंडोज सुरू झालं. काकांचा आवाज त्याच संध्याकाळी पेनड्राईव्हवर आणि दोन मोबाईलवर उतरवून घेतला.

लक्षात ठेवा, वॉरंटी यंत्राची असते, आतल्या माहितीची नसते. डिस्कच बदलावी लागली तर जुनी डिस्क बहुधा कंपनी परत नेते. म्हणून दुरुस्तीला माणूस येण्याआधी माहितीची दुसरी प्रत आणि ती 48 आकडी किल्ली, दोन्ही हाताशी हवीत.

आता समजा 1915 नेही काम झालं नसतं, तर? इथे आपल्या भागासाठी महत्त्वाचा बदल झाला आहे. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात समोरच्या पक्षाचा व्यवसाय जिथे चालतो किंवा व्यवहार जिथे घडला, तिथेच तक्रार करावी लागे. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूसाठी निपाणीच्या माणसाला कोल्हापूरच्या फेऱ्या. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे बिल कोल्हापूरचं असलं तरी निपाणीकराची तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आणि घरून डीटीपी किंवा टायपिंग करून पोट भरणाऱ्यांनी 'आमचा वापर धंद्यासाठी' म्हणून मागे हटू नये. स्वयंरोजगाराने उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूचा मालकही कायद्याने ग्राहकच.

कॉम्प्युटर दुकानात जुळवून घेतला असेल तर हिशेब वेगळा. तिथे प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र. खोक्यातून मिळणाऱ्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, एसएसडीला बहुधा तीन किंवा पाच, आणि त्यातही ठरावीक लिखाणाची मर्यादा, यातलं जे आधी संपेल ते. म्हणून 'कॉम्प्युटर एक नग' असं बिल घेऊ नका. प्रत्येक भागाचं नाव आणि सिरियल नंबर बिलावर लिहून मागा. खोकीही माळ्यावर ठेवा. 2024 मध्ये इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे दोष निघाला, तेव्हा कंपनीने खोक्यातल्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तयार कॉम्प्युटरमध्ये बसून आलेल्यांना मात्र कॉम्प्युटरच्या कंपनीकडे जायला सांगितलं. आपला भाग कुठून आला हे बिलावर असेल तरच अशा वेळी मार्ग सापडतो.

आणखी दोन गोष्टी. वीज कोसळून किंवा व्होल्टेज वाढून जळालेला भाग वॉरंटीत सहसा बसत नाही. वळवाचा पाऊस सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. इंटरनेटची वायरसुद्धा. आणि यंत्र सेंटरवर सोडताना जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नका. 'फिजिकल डॅमेज' समोर खूण केलेली असेल आणि तसं काही नसेल, तर तिथेच खोडायला लावा. जॉबशीट कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर शेजारच्या माणसाला वाचून दाखवायला सांगा. आपल्या भागात असा माणूस शोधावा लागत नाही.

दुकानातल्या पातळ कागदाच्या बिलावरची अक्षरं वर्षभरात पुसट होतात. तुमच्या घरचं बिल कपाटात असेल, तर आजच त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा.